नऊ सूत

अठ्ठावीस मिलिमीटर, म्हणाल्या डॉक्टर उपाध्ये.
मी मनातल्या मनात सुतात मोजलं:
नऊ सुताला केसभर कमी.
एवढं भोक घेऊन मी जन्मलो,
दोन वर्षं तालमीत घुमलो,
उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलो,
आणि जिना चढताना दम लागला तेव्हा
सगळ्यांनी बिडीला दोष दिला.
मी बिडी ओढतच नाही. मेहबूब ओढतो.

बाईंनी टेबलावर ठेवलं ते:
तारेच्या जाळीच्या दोन चकत्या, मधे कंबर.
मांडीतल्या शिरेतनं नळीनं वर न्यायचं,
पडद्यापाशी उघडायचं,
एक चकती अलीकडं, एक पलीकडं.
म्हणजे दोन वायसरांत पत्रा, मी म्हटलं.
त्या हसल्या. "तसंच. फक्त हा पत्रा हलतो."
मग जरा थांबून,
"एका बाजूची कड तुमची पातळ आहे."

इथं मी विचारायला पाहिजे होतं.
झिजलेल्या खाचेत सरक्लिप बसवू नये
हे मी पोरांना शिव्या देऊन शिकवलंय.
पण बाई शिकलेल्या, खोली गार,
आणि इंदूनं जोतिबाला बोलून ठेवलेलं.
सहीच्या कागदावर खालच्या बाजूला होतं,
निसटू शकतं. शेकड्यात एखाद्याचं.
शेकड्यात एखादा जॉब माझाही रिजेक्ट जातो;
त्या एखाद्याचं पुढं काय होतं
मी कधी विचारलं नव्हतं.

बसलं. इंदूला पडद्यावर दाखवलं,
तिला ते फुलपाखरू वाटलं.
रात्री साडेतीनला छातीत
दोन ठोके एकमेकांच्या अंगावर पडले.
चकातनं जॉब सुटतो ना,
आवाज यायच्या आधी एक क्षण
सगळा शेड गप्प होतो,
तसं.
सकाळी भिंतीवर चकती नव्हती.
फुप्फुसाच्या वाटेला जाऊन अडकली होती.

आमच्याकडं बीडशेडला
विहिरीत घागर पडली की गळ सोडायचे.
दिसत काही नाही, वाकून
दोराला लागणारा भार तेवढा ऐकायचा.
बाईंनी तसाच सोडला, तारेचा फास,
पावणेदोन तास.
मी अर्धा जागा.
लागला. सुटला. थांबा, हलवू नका. लागला.
आलं वर, पण येता येता जांघेतली शीर फाटली.
मांडी गुडघ्यापर्यंत जांभळी,
वर वाळूची पिशवी,
आणि भोक होतं तिथंच.

संध्याकाळी बाई स्टूल ओढून बसल्या.
शिशाच्या कोटानं खांद्याजवळ वळ उठला होता.
"माझा अंदाज चुकला," म्हणाल्या. एवढंच.
इंदू भांडायला उठली होती,
ती पदर सावरून परत खाली बसली
आणि त्यांना चहा विचारला.

अकराव्या दिवशी छाती उघडली.
काळजाभोवती पिशवी असते म्हणे,
तिचाच तुकडा कापून ठिगळ लावलं.
बाहेरचं काही नाही, अंगचंच कापड.
"एवढंच होतं तर," इंदू म्हणाली,
"आमच्या वाकळ शिवणाऱ्या गिरजाक्कानं सांगितलं असतं."
हसलो तर टाके ओढले.

आता ठोके मधेच पाय चुकतात.
रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, महिन्याला
राजारामपुरीत जाऊन दंड पुढं करायचा.
बारीक चूर बोटाला लागली
तरी चिंधी भिजते, पोरं घाबरतात.
ती चकती मी मागून घेतली.
गेजच्या ड्रॉवरमध्ये असते, कापसात.
चिमटीत दाबली की काडीएवढी होते,
सोडली की परत आपल्या आकारावर.
तारेला सगळं आठवतं, बाई म्हणाल्या होत्या.

परवा मेहबूबनं तिला व्हर्नियर लावला,
उजेडाकडं धरून वाचलं.
"बत्तीस. बरोबर आहे की, मिस्त्री."
व्हय, म्हटलं.
ठेव आत.